उजेड नसलेलं पाणी

पहिली पट्टी हिरवीगार उजळली आणि शाळेची खोली टाळ्यांनी दणाणून गेली.

“बघा, बघा! आपल्या बोरचं पाणी कसं चमकायलंय!” सरपंच व्यंकटराव खुर्चीतून अर्धवट उठले. “काय मॅडम, आहे का नाही आमचं पाणी एक नंबर?”

मी काझी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे.

खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, दार लोटलेलं होतं. बाहेर एप्रिलची दुपार आणि आत घामाने निथळणारं निम्मं गाव. टेबलावर मी कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीमागे ज्याच्या-त्याच्या घरच्या पाण्याचा तांब्या होता. माझ्या हातात नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा टॉर्च.

“अहो, टाळ्या नका वाजवू,” मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसरी पट्टी उजळली, तिसरी उजळली. ज्याच्या तांब्याची पट्टी उजळे तो माणूस शेजाऱ्याकडे बघून मान डोलवी. जणू शाळेचा निकाल लागत होता आणि सगळी मुलं पहिल्या वर्गात पास होत होती.

गावाचं नाव सावळदरी. पैनगंगेच्या काठापासून आत, डोंगराच्या कुशीतलं. मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि डॉ. रझिया काझी माझ्या गाईड. उजळणारे रेणू बनवणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. आधी आम्ही पेशींसाठी रेणू बनवायचो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा नेमका एखादा भाग दिव्यासारखा दिसावा म्हणून. त्याच जातीचा एक रेणू मी पाण्यातल्या फ्लोराइडसाठी तयार केला होता. कल्पना सोपी होती. रेणूच्या तोंडावर सिलिकॉनचं एक झाकण बसवायचं. झाकण आहे तोवर रेणू अंधारा. फ्लोराइडला सिलिकॉनची भारी ओढ. ते आलं की झाकण उचकटून घेऊन जातं, आणि उघडा पडलेला रेणू जांभळ्या उजेडात हिरवा चमकतो.

कल्पना सोपी, पण रेणू हट्टी. प्रयोगशाळेतल्या द्रावकांत तो झकास चालायचा, आणि पाण्यात घातला की ढिम्म. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्याच रेणूंचा गराडा पडतो, ते झाकणापर्यंत पोचतच नाही. कितीतरी महिने मी हात टेकले होते. शेवटी साबणाच्या जातीचा एक पदार्थ पट्टीत मुरवला, तेव्हा कुठे चहा पिऊन येईपर्यंत पट्टी उजळायला लागली.

“आता गावात जायचं,” मॅडम म्हणाल्या होत्या. “ज्यांचं पाणी, त्यांच्यासमोर तपासायचं. बाटल्या भरून आणायच्या आणि आकडे कपाटात ठेवायचे, असं मी नाही करणार.”

म्हणून आम्ही सावळदरीत होतो, आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

सगळ्यात शेवटचा तांब्या होता तांड्याचा. सावळदरीपासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या पायथ्याला लमाणांचा तांडा होता. तिथून जमनाबाई राठोड एकट्याच आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, ताठ बांधा, हातभर बांगड्या. खोलीत जागा असूनही त्या दाराशीच उभ्या होत्या. मी त्यांच्या पट्टीवर टॉर्च धरला.

काहीच नाही. पट्टी काळोखात काळी.

मी टॉर्च जवळ नेला, तिरपा धरला. नाहीच.

मागून कुणीतरी हसलं. “तांड्याच्या पाण्यात दमच न्हाई!”

“खड्ड्यातलं पाणी ते. त्यात काय चमकणार?”

जमनाबाई पुढे आल्या. पट्टीकडे वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

“आमच्या पाण्यात उजेडच नाही का, याडी?” त्यांनी विचारलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई; मायेची हाक. आवाजात राग नव्हता. परीक्षेत नापास झालेल्या पोरीच्या आईसारखा होता तो आवाज.

मॅडम उठल्या. खिडकीवरची एक गोधडी त्यांनी स्वतःच खाली ओढली. भस्सकन ऊन आत आलं आणि सगळे डोळे चोळायला लागले.

“सरपंच साहेब, जरा बसा. सगळेच बसा,” मॅडम म्हणाल्या. “ही चमक कौतुकाची नाही. पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त आहे, म्हणून पट्टी चमकते. जितकी जास्त चमक, तितका जास्त क्षार. तुमच्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी का होतात, म्हाताऱ्यांच्या कमरा का धरतात, पाय का वाकतात, ते ह्या पाण्यामुळे. आणि ह्या आजीबाईंच्या पाण्याची पट्टी चमकली नाही, कारण ते पाणी चांगलं आहे. निदान असं दिसतंय.”

पंख्याचा खरखराट ऐकू यायला लागला.

व्यंकटरावांचा बोर त्यांच्या दारात होता आणि सगळ्यात झगझगीत पट्टी त्यांचीच होती. ते हळूहळू खुर्चीत टेकले.

“तीनशे फुटाचा बोर आहे माझा,” ते म्हणाले. “खडकातलं पाणी. आरशासारखं निवळ. आणि तांड्याची ती उथळ विहीर, पावसाळ्यात गढूळ होते, उन्हाळ्यात तळ दिसतो. ते पाणी चांगलं आणि माझं खराब? मॅडम, तुमचा तो कागदच बिघडलेला असंल.”

“खडकातलं आहे म्हणूनच,” मी म्हणाले. “क्षार खडकात असतो. पाणी जितकं खोल आणि जितकं जुनं, तितका क्षार जास्त मुरतो. वरच्या मातीतलं पाणी यंदाच्या-गेल्या पावसाचं असतं.”

“ते राहू द्या. बिघडला नाही कशावरून?”

मी तांड्याच्या तांब्यात वाकून बघितलं. तीच भीती मलाही होती. विहिरीचं पाणी किंचित गढूळ होतं. त्यातल्या मातीने किंवा लोहाने माझा रेणू दाबून टाकला असेल तर? पट्टी दोन कारणांनी काळी राहू शकते: फ्लोराइड नाही म्हणून, किंवा पट्टीच मेली म्हणून. आणि दुसरं कारण खरं असलं, तर नुसते माझे महिने वाया जाणार नव्हते. आम्ही एका विषारी पाण्याला चांगलं म्हणून मोकळे झालो असतो.

“सरपंच साहेबांची शंका एकदम बरोबर आहे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “वैजू, आजीबाईंचंच पाणी दुसऱ्या पेल्यात घे. त्यात आपलं फ्लोराइड घाल, ह्यांच्या बोरइतकं. नवी पट्टी बुडव. पट्टी जिवंत असेल तर आता उजळली पाहिजे. नाही उजळली, तर सरपंच बरोबर आणि आपण चूक. आपण माफी मागून घरी जाऊ.”

मी पेला भरला. थेंब नीट मोजून टाकले. पट्टी बुडवली, बाहेर काढून ठेवली.

“आता थांबायचं,” मॅडम म्हणाल्या. “कुणी चहा देतंय का?”

दार उघडलं. माणसं व्हरांड्यात गेली, तंबाखू मळायला लागली. जमनाबाई पायरीवर टेकल्या. मी मात्र टेबलापाशीच बसून राहिले. पट्टी उघड्यावर टाकून जायचं मन होईना.

एक बाई आत आली. तिशीच्या आतली, कडेवर तान्हं मूल, पदराला धरून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिने माझ्यासमोर चहाची बशी ठेवली.

“मी कालिंदा मुसळे. दुसरी पट्टी आमचीच होती,” ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत राहिली. “तुमचं गाव कोणतं, ताई?”

मी सांगितलं. तिथून दोन तालुके पलीकडचं.

“तिथंबी बोरच हाय ना?”

“हो. का?”

“तुम्ही बोलताना वरचा ओठ दाबून धरता. माझी पल्लवीबी तसंच करते.”

पल्लवीने लगेच तोंडावर हात ठेवला.

माझ्या वरच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. शाळेत पोरं ‘गंजलेली’ म्हणायची. कुठल्याही फोटोत मी हसलेली नाही. मला बघायला आलेल्या दोन स्थळांनी काही कारण न सांगता नकार कळवला, तिसऱ्याने कारण सांगितलं. बी.एस्सी.ला पुस्तकात फ्लोराइडचं पान वाचलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पण पीएच.डी.चा विषय का निवडला, हे मी मॅडमनाही कधी सांगितलं नव्हतं. आणि ही बाई, जिने मला तासाभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं, चहाची बशी ठेवता ठेवता बोलून गेली.

“दात घासत न्हाई म्हणून मी हिला मारलंय हो,” कालिंदा म्हणाली. “राखेनं घासले, मिठानं घासले. हिरड्यांतून रक्त यायचं, डाग जायचे न्हाईत.”

“घासून जाणार नाहीत. दात हिरडीच्या आत असतात तेव्हाच पाणी त्यांच्यावर काम करून जातं. वर येतात ते डागासकट येतात. तिची काही चूक नाही.”

मी पल्लवीकडे बघून ओठ सोडला आणि तिला माझे दात दाखवले. तिचा हात हळूच खाली आला. तिने कुतूहलाने पाहिलं आणि विचारलं, “तरी तुम्ही मोठ्या मॅडम झाल्या?”

“होतेय अजून. ही पट्टी उजळली तर होईन.”

कालिंदाने कडेवरच्या मुलाच्या टाळूवर हात फिरवला. “आन् ह्याचे? ह्याला अजून एकबी दात न्हाई.”

“ह्याचे अजून आपल्या हातात आहेत. सहा-सात वर्षं चांगलं पाणी मिळालं तर पक्के दात पांढरे येतील.”

ती त्या पट्टीकडे बघत उभी राहिली. मीही.

सगळे पुन्हा आत आले. गोधडी परत टांगली. व्यंकटराव ह्या वेळी टेबलाला खेटून उभे राहिले. मी टॉर्च लावला.

क्षणभर काहीच दिसलं नाही. मग लक्षात आलं, टॉर्च पट्टीवर नव्हताच, बाजूच्या पेल्यावर होता. मी तो सरकवला.

पट्टी हिरवी उजळली. व्यंकटरावांच्या पट्टीइतकीच झगझगीत.

ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मॅडमनी माझ्या पाठीवर नुसती बोटं टेकवली.

“म्हणजे पट्टी जिवंत आहे,” व्यंकटराव सावकाश म्हणाले.

“जिवंत आहे. तरी सगळ्या बाटल्या आम्ही विद्यापीठात नेऊन मीटरवर तपासणार. पक्का आकडा पुढच्या आठवड्यात देऊ,” मॅडम म्हणाल्या.

शाळेचे मुख्याध्यापक लोमटे गुरुजी इतका वेळ मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, “आकडा कशाला? मुलं आहेत की बाहेर!” आणि त्यांनी दार उघडून अंगणात खेळणाऱ्या मुलांना हाक मारली. गावची आणि तांड्याची मुलं एकाच शाळेत होती. गुरुजींनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. “हं, हसा रे सगळे!”

मुलांना वाटलं फोटो काढणार. गावच्या मुलांनी ओठ मिटूनच हसून दाखवलं. तांड्याची मुलं खदाखदा हसली, आणि ऊन त्यांच्या दातांवर लखलखलं.

“इतकी वर्षं रोज बघतोय,” गुरुजी म्हणाले. “लमाणांची जातच दातांनी बळकट, असं समजत होतो. कडुनिंबाची काडी चावतात म्हणून.”

“काडी कुठली गुरुजी!” जमनाबाईंना हसू फुटलं. “पोरं तोंडबी धूत नाहीत.”

सगळेच हसले. मीही हसले, अगदी तोंड उघडून. कधी हसले ते माझं मलाच कळलं नाही.

पण हसू ओसरल्यावर सगळ्यांच्या मनात जे होतं ते कुणी बोलेना. गावातलं कुणी तांड्याचं पाणी पीत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण लग्नकार्यात तांड्याची माणसं वेगळ्या पंगतीला असत, आणि उन्हात तांड्यावरून येणारा गावकरी घसा कोरडा पडला तरी घरी येऊनच पाणी पीत असे. वर, सरकारी बोर मंजूर झाला तेव्हा तांड्याने आमच्याकडे पाडा म्हणून विनवलं होतं. व्यंकटरावांनी तो स्वतःच्या दारात पाडून घेतला होता. हे मला नंतर जमनाबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या पोट धरून हसल्या होत्या.

त्या वेळी मात्र त्या हसत नव्हत्या. व्यंकटराव घसा खाकरत होते.

“जमनाबाई,” ते शेवटी म्हणाले, “पिण्यापुरतं पाणी... तुमच्या विहिरीचं... गावाला...”

“उन्हाळ्यात आम्हालाच पुरत नाही, सरपंच.”

“वापरायला बोरचं घ्या तुम्ही. धुणं, भांडी, जनावरं. माझ्या दारातूनच घ्या. आम्हाला फक्त पिण्या-रांधण्याला, घरटी एक घागर.”

“क्षार धुण्याला चालतो का, याडी?” त्यांनी मला विचारलं.

“चालतो. पोटात गेला तरच वाईट.”

जमनाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. त्या विचार करत होत्या, आणि कुणी त्यांना घाई केली नाही.

“पाणी माझं एकटीचं नाही. तांड्याच्या नायकाला विचारावं लागंल, पण तो माझाच नवरा आहे, नाही म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “न्या पाणी. पण एक सांगते. विहिरीवर दोर आणि पोहरा आमचा आहे, तोच वापरायचा. घरून आपापला वेगळा पोहरा आणायचा नाही. आमच्या बायकांनी ओढला त्याच दोराला हात लावायचा. नाही जमत, तर तीनशे फुटाचं पाणी तुमचं तुम्हाला लखलाभ.”

एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. व्यंकटराव जमिनीकडे बघत होते.

कालिंदाने तान्हं मूल पल्लवीकडे दिलं. कोपऱ्यात शाळेची रिकामी घागर होती, ती उचलली.

“गुरुजी, घागर नेते. आणून देते,” ती म्हणाली आणि दाराकडे निघाली.

“अगं कालिंदा, घरी विचार तरी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“घरी विचारलं तर ह्याला दात येऊन जातील,” ती म्हणाली आणि जमनाबाईंसमोर उभी राहिली. “चला आत्या. वाट दावा.”

त्या दोघी पुढे आणि मागे मी, मॅडम, पल्लवी आणि कडेवरचा तो. ऊन मी म्हणत होतं. विहीर खरंच उथळ होती. दगडी कठडा, आत निवांत हिरवट पाणी, आणि कठड्यावर काथ्याचा दोर गुंडाळून ठेवलेला. जमनाबाईंनी पोहरा सोडला, मग दोर कालिंदाच्या हातात दिला. तिने तो ओढला. भरलेला पोहरा वर आला तेव्हा तिने आधी ओंजळ धरली आणि जमनाबाईंनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं.

“गोड हाय की वो,” ती म्हणाली.

मागे वळून बघितलं तर पायवाटेवर चार-पाच बायका घागरी घेऊन येत होत्या. सगळं गाव नव्हे. पण चार-पाच होत्या.

परतताना जीपमध्ये मॅडम बाटल्यांची झाकणं आवळत होत्या. मग म्हणाल्या, “वैजू, तू हा विषय का घेतलास ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण विचारायचं नसतं.”

“आज त्या कालिंदाने विचारलं.”

“तिचा हक्क होता,” मॅडम म्हणाल्या.

मीटरचे आकडे पट्ट्यांशी जुळले. माझी पीएच.डी. झाली. मला नांदेडच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि माझं लग्नही झालं, भूगोल शिकवणाऱ्या एका गृहस्थाशी, ज्याने पहिल्याच भेटीत मला इतकं हसवलं की ओठ दाबायला सवड मिळाली नाही. सावळदरीला मी वर्षाआड जात राहिले, कधी विद्यार्थी घेऊन, कधी एकटीच. विहिरीला जाळी बसली होती, वर टेकडीवर पाणी जिरवायला चर खणले होते. विहीर खोल करायची टूम एकदा निघाली होती, ती जमनाबाईंनी हाणून पाडली. सगळं गाव दोराला हात लावायला लागलं असं मी म्हणणार नाही. काही घरं अजूनही शहरातून पाण्याचे जार मागवत. पण ज्या घरांत लेकरं होती त्या घरांच्या बायका तांड्यावर येत, आणि घागर भरेपर्यंत गप्पा चालत, भरल्यावरही चालत.

मागच्या संक्रांतीला गेले तेव्हा कालिंदाने मला ओट्यावर बसवलं आणि हाक मारली, “सोपाना! ये इकडं! दाखव मॅडमला!”

अंगणात सात वर्षांचा एक हडकुळा पोरगा उभा होता, तेव्हाचा कडेवरचा तो. त्याच्या हातात स्वतःपेक्षा उंच ऊस होता. आईची हाक ऐकून त्याने तोंड गच्च मिटलं.

“लाजतो,” कालिंदा म्हणाली. “सकाळधरनं सांगायले, मॅडम येणार हायेत, तोंड उघड. तर मुद्दाम मिटून बसलाय. अरे दाखव रे!”

त्याने मान हलवली. मग आम्ही त्याच्याकडे बघतोय हे विसरून, किंवा विसरल्यासारखं करून, त्याने उसाला तोंड लावलं. वरच्या नव्या, रुंद, दुधासारख्या पांढऱ्या दातांत साल धरली आणि सर्रकन ओढली. साल टोकापर्यंत सोलून निघाली.

कालिंदा ओट्याच्या कडेला पुढे सरकली. मीही.

त्याने पेर दाताने मोडलं, जवळ आला आणि तो ओला तुकडा माझ्यापुढे धरला.

“घ्या,” तो म्हणाला, “लय गोड हाय.”